कवड्याच्या जागी

झिंगराजी रोज सकाळी तोंड धुण्याआधी कापूस ऐकायचा. ओसरीवरच्या ढिगातून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून कानाशी न्यायचा आणि हळूच ताणायचा. धागा तुटताना जो काही आवाज होई, त्यावरून तो त्या दिवशीचा अमरावतीचा भाव सांगे. भाव नेहमी चुकायचा. पण सांगण्याची ढब अशी असे, की चूक अमरावतीची आहे असं ऐकणाऱ्याला वाटावं.

तो काळ वऱ्हाडाला कापसाचं वेड लागण्याचा होता. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि म्हणून इकडच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचं मोल आलं होतं. बाळापूरजवळच्या हिंगणखेडात अमेरिका कुठं आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. झिंगराजीच्या मते ती मिर्झापूरच्या थोडी पुढं होती. त्याच्या बायकोनं, मनकर्णेनं, लढाई मिटू नये म्हणून मारुतीला नारळ बोलून ठेवला होता. मग लढणाऱ्यांच्या आया आठवून तिला वाईट वाटलं, आणि लढाई मिटावी म्हणून तिनं दुसरा नारळ बोलला.

त्यांना एकुलती लेक, रुख्मिणी. तिचं लग्न बाळापूरच्या घरात ठरलं होतं. वैशाखात हळद लागायची होती. त्याआधी घरातला कापूस अमरावतीच्या बाजारात नेऊन उभा करायचा, असं झिंगराजीनं पौषात ठरवलं आणि त्याच सकाळी त्याचा एक बैल लंगडू लागला.

गावात दुसरा बैल नव्हता. चालता येणारं प्रत्येक जनावर कापसाच्या गाडीला जुंपलेलं आणि गाडी अमरावतीच्या रस्त्यावर. अख्ख्या हिंगणखेडात एकच बैल रिकामा उभा होता, तो शेजारच्या मैनाबाईचा. मैनाबाई तेलीण, नवऱ्यामागं एकटीनं घाणा चालवायची. गावाच्या भाजीतलं आणि दिव्यातलं सगळं तेल त्या एका घाण्यातून यायचं. ती भाचीच्या बाळंतपणाला अकोटला गेली होती आणि जाताना बैलाचं वैरणपाणी मनकर्णेवर सोपवून गेली होती.

"वैरणच टाकाची हाय ना," झिंगराजी म्हणाला. "गोठ्यात टाकली काय अन् रस्त्यानं टाकली काय."

"बाईनं वैरण टाकाले सांगतली," मनकर्णा म्हणाली, "अमरावती दाखवाले नाही सांगतली."

"तिले कळाच्या आत आणून बांधतो."

"अन् तिले कळलं तर?"

"तर म्हणीन, बैलाले जरा हवापालट."

बैलाचं नाव कवड्या. अंगावर कवड्या पसराव्यात तसे पांढरे ठिपके होते. आठ वर्षं तो डोळ्यांना फडकं बांधून, तोंडाला मुसकं लावून घाण्याभोवती डावीकडे फिरला होता. हे सगळं झिंगराजी रोज बघत होता. पण घाण्याला फिरणारा बैल रस्त्यानं कसा चालेल, हा प्रश्न काही त्याला पडला नाही.

तो पडला गावाबाहेरच्या मोकळ्या रानात. गाडी थोडं अंतर सरळ गेली, मग डावीकडे वळली, आणखी वळली, आणि शेवटी बैलांची तोंडं पुन्हा हिंगणखेडाकडे झाली. सोबतीला कुर्बान पिंजारी होता. गाद्यांचा कापूस पिंजणारा, झिंगराजीचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं शांतपणे विचारलं, "भाऊ, अमरावती होऊन आलो काय आपण?"

कवड्याचे डोळे बांधून, मुसकं लावून पाहिलं. कवड्या खुशीत चालू लागला, पण पुन्हा डावीकडेच. अखेर कुर्बान खाली उतरला आणि त्याच्या डाव्या बाजूला खांदा लावून चालू लागला. काटेपूर्णा अशीच ओलांडली, मूर्तिजापूर असंच गेलं. वाटेत भेटणारे गाडीवाले विचारायचे, "बैल कोणता यातला?" कुर्बान म्हणायचा, "जो बोलत नाही तो."

अमरावतीला कापसाचे डोंगर होते आणि डोंगरांच्या पायथ्याशी सरकीचे ढीग. कापूस हातोहात विकला गेला. झिंगराजीच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाच्या भरात त्याला सगळ्या जगाविषयी माया वाटू लागली, आणि जगात त्या क्षणी सगळ्यांत जवळ कवड्या उभा होता. त्यानं त्याच्या डोळ्यांवरचं फडकं सोडलं, तोंडाचं मुसकं काढलं आणि त्याला लांब दाव्यानं सरकीच्या ढिगाजवळ बांधलं. "आठ वर्षं घाण्यातल्या ढेपेचा, पेंडीचा नुसता वास घेतला तुनं," तो म्हणाला. "आज खाय लेका."

मग तो आणि कुर्बान जिलबी खायला गेले.

परत आले तेव्हा कवड्या आडवा होता. पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं आणि दावं गळ्यात तसंच होतं. त्याच्या ओठांना सरकी चिकटली होती. कुर्बाननं त्याच्या पोटावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि काढून घेतला.

बैल मेला तो मेला, पण गळ्यात दावं असताना मेला. ज्यानं ते दावं बांधलं त्याला गोहत्येचा दोष, हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. गावाच्या एका गाडीमागं आपली गाडी बांधून झिंगराजी घरी आला, तेव्हा ते दावं त्याच्या हातात होतं. ते टाकून द्यावं असं त्याच्या मनात आलं नाही. लपवावं असंही आलं नाही.

मैनाबाई अकोटहून आली. तिनं आरडाओरडा केला नाही. रिकामा गोठा झाडला, घाण्याच्या कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "मले विचारलं असतं झिंगराजीभाऊ, तर म्या नाही म्हटलं असतं."

"म्हणून तर विचारलं नाही, बाई," झिंगराजी अगदी मनापासून म्हणाला.

जातीनं त्याचं हुक्कापाणी बंद केलं. बाळापूरच्या व्याह्यांचा निरोप आला: आधी शुद्ध व्हा, जात जेवू द्या, मग हळद लावू, नाहीतर आमच्या मुलाला मुली पुष्कळ आहेत. रुख्मिणीनं तो निरोप दाराआडून ऐकला आणि त्या दिवसापासून बापाला भाकर वाढताना ती त्याच्याकडे बघेनाशी झाली. झिंगराजीला बाकी सगळं सोसलं असतं.

बाळापूरच्या भटजींनी प्रायश्चित्त सांगितलं. ज्या दाव्यात बैल मेला ते दावं गळ्यात अडकवायचं. आसपासच्या गावांत दारोदार भीक मागायची. निजायचं गोठ्यात. आणि या सगळ्या दिवसांत माणसासारखं बोलायचं नाही. लागेल ते बैलासारखं हंबरून मागायचं. शब्द तोंडातून गेला तर पुन्हा पहिल्यापासून.

हे ऐकून गावाला दोषापेक्षा प्रायश्चित्ताचीच जास्त काळजी वाटू लागली. झिंगराजी झोपेतही बोलायचा.

तो निघाला तेव्हा कुर्बान सोबत निघाला. हंबरण्याचा अर्थ लावायला कोणीतरी पाहिजे, असं त्याचं म्हणणं. बाया मुद्दाम दारात येऊन उभ्या राहत.

"हम्मा," झिंगराजी म्हणे.

"कुर्बानभाई, काय म्हणते हा?"

"म्हणते, भाकर जाड दे. पातळ काल झाली."

झिंगराजी मान जोरजोरात हलवी. त्याला तसं काही म्हणायचं नसे.

"अन् आता काय म्हणते?"

"म्हणते, ठेचा बी चालते."

एका गावात दुर्गाबाई नावाची फटकळ बाई होती. तिनं ओट्यावरून हाक मारून सांगितलं, "ऐकलं काय झिंगराजी? अमरावतीत भाव पडला म्हणे!" खोटं होतं ते. झिंगराजीचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या, ओठांवर शब्द आलेला सगळ्यांनी पाहिला. मग त्यानं डोळे मिटले आणि इतकं लांबलचक हंबरला, की त्या गल्लीतल्या गाईंनी आतून उत्तर दिलं. दुर्गाबाईनं गुपचूप दोन भाकरी आणून घातल्या. त्या हंबरण्यात भावाची चौकशी होती, भावाबद्दलचा अविश्वास होता, आणि शेवटी शेवटी, कुर्बान पुढं सांगायचा, कवड्याही होता.

दिवस भरले. बाळापूरला मन नदीवर झिंगराजीची डोई-मिशी उतरली, पंचगव्य झालं. भटजींनी सांगितल्याप्रमाणे चांदीचा एक बोटभर बैल घडवून त्यांना दान दिला. भटजींनी तो उपरण्यात गुंडाळला आणि म्हणाले, "देवाकडचं मिटलं."

"देवाकडचं मिटलं," जातीचे म्होरके भगवंतराव म्हणाले. "आता मैनाबाईकडचं."

ज्याचं नुकसान झालं त्यानं शुद्धीच्या पंगतीत पहिला घास घ्यायचा, ही हिंगणखेडाची रीत होती. त्याचा घास गिळला गेल्याशिवाय दुसऱ्या कोणी पत्रावळीला हात लावायचा नाही. पोथीत ती रीत नव्हती, पण तिच्यापुढं पोथीचं काही चालत नसे. चांदीच्या बैलाची हकिकत मैनाबाईपर्यंत आधीच गेली होती. "माहा बैल गेला," ती म्हणाली होती, "अन् बैल आला भटजीच्या घरी. ढेप त्याले म्या पाठवू काय?"

फाल्गुनात मारुतीच्या पारासमोर पंगत बसली. रोडगे भाजून तुपात चुरले होते, वरण होतं, वांग्याची भाजी होती. मैनाबाई पहिल्या पत्रावळीवर बसली. तिच्यामागं सारी जात हात मांडीवर ठेवून तिच्या हाताकडे बघत होती. बाळापूरचे व्याही खास बघायला आले होते. मैनाबाईनं रोडग्याचा तुकडा भाजीत बुडवला, तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"भाजी बिनतेलाची हाय."

मनकर्णा ओशाळली. "तेल कोठून आणू माय? गावात थेंब नाही. घाणा बंद हाय ना."

"कावून बंद हाय?"

सगळे आपापल्या पत्रावळीकडे बघू लागले. पंगतीच्या टोकाला एक बहिरे आजोबा होते. त्यांना शेजाऱ्यानं खुणेनं प्रश्न समजावला, तेव्हा ते मोठ्यानं म्हणाले, "बैल नाही म्हणून! यानं मारला ना!"

मैनाबाईनं घास पत्रावळीवर ठेवला.

"बाई, चांदी देतो," झिंगराजी हात जोडून म्हणाला.

"चांदी जुपू काय घाण्याले?"

"मंग बैल आणतो."

"आणा."

तो कुठून आणणार? घरचा एक बैल अजून लंगडत होता, दुसरा भावकीत सामाईक होता. बाळापूरच्या बाजारात तो दोनदा जाऊन आला होता, अकोल्याला जाऊन आला होता. ज्याच्याकडे बैल होता तो सोन्याच्या बदल्यातही सोडत नव्हता. पैसा घरोघर होता, आणि त्या पैशानं मिळत नव्हती ती एकच वस्तू त्यानं सरकी चारून मारली होती.

भगवंतरावांनी वरणाकडे पाहिलं. ते थंड होत होतं. "मैनाबाई," ते मऊ आवाजात म्हणाले, "लेकीच्या लग्नाचा सवाल हाय."

"माह्या पोटाचा बी हाय, भगवंतराव. म्या घास घेतला की तुमी जेवून घरी जासान. म्या घरी जाऊन काय करू?"

झिंगराजीनं मागं वळून पाहिलं. रुख्मिणी बायकांच्या घोळक्यात उभी होती. आज कित्येक दिवसांनी ती त्याच्याकडे बघत होती. त्यानं डोक्याचं पागोटं काढून कुर्बानच्या हातात दिलं आणि तो चालू लागला.

"कुठी चालले?" मनकर्णा ओरडली.

"कवड्याच्या जागी."

पंगत उठली. पत्रावळ्यांवर पत्रावळ्या झाकल्या, कुत्री हाकायला एक म्हातारी बसवली, आणि सगळी जात मैनाबाईच्या अंगणात जमली. मैनाबाईनं घाण्यात जवस ओतला. झिंगराजीनं घाण्याच्या आडव्या लाकडाला छाती लावली आणि ढकललं. घाणा करकरला, हलला, फिरू लागला. लोकांनी आरोळी ठोकली. थोडे वेढे झाले नाहीत तोच झिंगराजी दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला.

"गाव फिरून राहिलं," तो म्हणाला.

"डोये बांधा, फिरणार नाही," मैनाबाई म्हणाली. "कवड्याले हौस म्हणून नव्हती बांधत." खुंटीवरचं जुनं फडकं तिनं आणलं आणि बांधलं.

आता जमलं. पण अंधारात झिंगराजीला माणसांची जास्तच आठवण येऊ लागली. "भगवंतराव, अठीच हाय ना? वरण झाकलं काय? कुर्बान, पागोटं खाली नको ठेवू, काल धुतलं. अन् म्या म्हणतो, हे लाकूड जरा खाली—"

"कवड्या बोलत नव्हता," मैनाबाई म्हणाली. "मुसकं बी हाय खुंटीले."

झिंगराजी गप्प झाला. मग बराच वेळ फक्त लाकडाचा आवाज होता. ऊन भिंतीवरून उतरलं. जवसाचा उग्र, ओला वास अंगणात पसरला. डोळे झाकलेले असले की वाट सरळ वाटते. झिंगराजीला वाटलं आपण चाललो आहोत, मूर्तिजापूर मागं पडलं, आता बडनेरा येईल. तो कितीतरी वेळ चालत राहिला. मग पायाखाली तोच खळगा पुन्हा आला, आणि त्याला समजलं की तो खळगा कवड्याच्या खुरांनी पडला आहे.

"बाई," तो हळू म्हणाला, "त्याले वाटत असन, तो कुठी तरी जाऊन राहिला."

 मैनाबाईनं लाकडाला एक हात लावला आणि एक वेढा त्याच्या बरोबरीनं चालली.

तेल आलं. आधी थेंब, मग बारीक धार. मनकर्णेनं वाटी धरली, धावत जाऊन सगळ्या वांग्यांना नव्यानं फोडणी दिली. मोहरी तडतडली तेव्हा उपाशी जातीनं जो उसासा टाकला तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. मैनाबाई पुन्हा पहिल्या पत्रावळीवर बसली. रोडगा भाजीत बुडवला, तोंडात घातला, सावकाश चावला.

"आता भाजी झाली," ती म्हणाली. मग झिंगराजीकडे पाहून म्हणाली, "उद्या सकाळी येजा. बैल येत नाही तोवर रोज."

दुसरं वाक्य व्हायच्या आत भगवंतरावांचा घास तोंडात होता.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. हळदीच्या दिवशी नवरीचा बाप उशिरा आला. आधी एक घाणी काढून आला होता, आणि मांडवभर जवसाचा वास सुटला. व्याह्यांनी नाकाला उपरणं लावलं नाही. रुख्मिणीनं बापाच्या हातांवरचे फोड पाहिले आणि त्यांवर स्वतःची हळद लावली.

त्याच सुमाराला एका सकाळी मैनाबाईच्या अंगणात माणसं धावत आली. झिंगराजी डोळे बांधून फिरत होता.

"झिंगराजी! अमेरिकेची लढाई मिटली!"

"कोण जिंकलं?"

"ते कोणाले मालूम? कापसाचा भाव पडला! घसरूनच राहिला!"

झिंगराजीची पावलं थांबली नाहीत. "घाणी उतरू द्या," तो म्हणाला. "मंग सारे मिळून रडू." मनकर्णा त्या दिवशी कोणाशी बोलली नाही. लढाई मिटावी म्हणून बोललेला दुसरा नारळ तिनं आधी फोडला होता.

भाव पडला तसे बैल मोकळे झाले. झिंगराजीनं अकोल्याच्या बाजारातून एक चांगला बैल आणला आणि दावं मैनाबाईच्या हातात दिलं. तो बैल आयुष्यभर गाडीला चाललेला. घाण्याला जुंपला की सरळ जाऊन कुंपणाला भिडायचा. मग झिंगराजी त्याच्यापुढं चालत राहिला, डावीकडे, डावीकडे, बैलाला समजेपर्यंत. बैल शिकला, तरी काही दिवस झिंगराजी सकाळी येतच राहिला. शेवटी मैनाबाईनंच सांगितलं, "भाऊ, आता दोघं होऊन राहिले. घाणा एकच हाय."

पुढं झिंगराजी पुष्कळ जगला आणि पुष्कळ बोलला. एका उन्हाळ्यात खाटेला लागला, तेव्हा रुख्मिणी बाळापूरहून पोराबाळांना घेऊन आली. दुपारची वेळ होती. ताटं वाढली होती, पण सगळे त्याच्या खाटेभोवती गप्प बसून होते, कोणाचा हात ताटाकडे जाईना. झिंगराजीनं डोळे उघडले, ताटांकडे पाहिलं, मग माणसांकडे.

"तुमी जेवून घ्या," तो म्हणाला. "माह्याकरता थांबू नका."